एक शब्द, एक चौकोन: अक्षरांमधून ग्राफिक डिझाइनची तत्त्वं शिकण्याचा क्रम

ग्राफिक डिझाइन शिकायला बसलेले बहुतेक जण आधी सॉफ्टवेअर उघडतात, मग रंग निवडतात, मग फोटो शोधतात आणि शब्द सगळ्यात शेवटी उरलेल्या जागेत बसवतात. हा क्रम उलटा केला तर तत्त्वं लवकर हाती येतात. आधी शब्द घ्यायचा, बाकी सगळं बाजूला ठेवायचं, आणि त्या शब्दाचा अर्थ फक्त जागा, आकार, वजन (म्हणजे अक्षराच्या रेघांची जाडी) आणि अंतर यांतून दाखवायचा. समतोल, विरोध, लय, जवळीक, अग्रक्रम ही तत्त्वं मग व्याख्या म्हणून समोर येत नाहीत. चौकोनात शब्द कुठे ठेवायचा हे ठरवताना ती आपोआप वापरावी लागतात.

देवनागरी या अभ्यासाला फार अनुकूल लिपी आहे. शिरोरेषा, उभे दंड, वर-खाली जाणाऱ्या मात्रा आणि उकार, सुटा बसलेला अनुस्वार अशा हलवता येण्याजोग्या किती तरी गोष्टी तिच्यात आहेत. मात्र रोमन लिपीसाठी लिहिलेले नियम तिला जसेच्या तसे लावले, की मांडणी बिघडते. कुठे बिघडते ते प्रत्येक टप्प्यावर सांगितलं आहे.

तयारी

सुरुवात कागदावरच करा. ए-४ आकाराचे साधे कागद, काळा मार्कर, कात्री, पट्टी आणि नंतर काढता येईल असा गोंद एवढं पुरतं. कागदावर १० सेंमी बाजूचे चौकोन आखा. चौकोन मुद्दाम निवडला आहे, कारण त्याच्या चारही बाजू सारख्या असल्याने तो स्वतःहून कुठल्याच दिशेला ओढत नाही. जी काही ओढ दिसेल ती तुमच्या शब्दाने निर्माण केलेली असेल.

टाइप (फॉन्ट) एकच घ्या, साधा, सजावट नसलेला आणि अनेक वजनांत मिळणारा. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी या कामाला उत्तम आहेत आणि दोन्ही मोफत मिळतात. मुक्तामध्ये अगदी बारीक ते अतिठळक अशी सात वजनं आहेत. सजावटी टाइप या टप्प्यावर घेऊ नका. त्यात टाइप बनवणाऱ्याने भाव आधीच भरून ठेवलेला असतो, मग तुमच्या मांडणीने काय केलं आणि टाइपने काय केलं हे वेगळं काढता येत नाही. रंग फक्त काळा आणि पांढरा.

निवडलेले शब्द १२, २४, ४८, ९६ आणि २०० पॉइंटांत, बारीक आणि ठळक अशा दोन वजनांत छापून घ्या. प्रत्येक शब्दाच्या चार-पाच प्रती हव्यात. १ पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. तेव्हा ७२ पॉइंट म्हणजे अक्षराची उंची एक इंच असं अनेकांना वाटतं, पण तसं नसतं. हे माप मात्रा आणि उकारांसाठी राखलेल्या जागेसह पूर्ण चौकटीचं असतं. देवनागरीत अक्षराचा मुख्य भाग त्याहून बराच लहान दिसतो, म्हणून आकार आकड्यावरून न ठरवता छापून डोळ्यांनी ठरवा.

पहिला टप्पा: जागा

शब्द घ्या ‘एकटा’. १२ पॉइंटात छापलेला हा शब्द कापून चौकोनात वेगवेगळ्या जागी ठेवून पाहा: बरोबर मध्यभागी, मध्यापासून किंचित वर, खालच्या उजव्या कोपऱ्यात, डाव्या कडेला चिकटून, वरच्या कडेने अर्धा कापलेला. मध्यभागी ठेवलेला ‘एकटा’ शांत, जवळजवळ आत्मविश्वासाने उभा दिसतो, कारण चारही कडा त्याला सारख्याच अंतरावर आहेत. कोपऱ्यात तोच शब्द मागे राहिल्यासारखा दिसतो. कडेला टेकला की ताण येतो आणि कापला गेला की तो चौकोनाबाहेर निघालेला वाटतो. आकार, वजन, टाइप काहीही बदललेलं नाही. बदलली ती फक्त भोवतालच्या पांढऱ्या जागेची वाटणी.

इथली नेहमीची चूक म्हणजे अर्धवट निर्णय. शब्द उजव्या कडेपासून ८ मिमी आणि खालच्या कडेपासून ११ मिमी असेल, तर पाहणाऱ्याला तो चुकून सरकलेला वाटतो. ६ मिमी आणि ३० मिमी असेल, तर ते ठरवून केलेलं दिसतं. फरक करायचा तर ठसठशीत करा, नाही तर दोन्ही अंतरं सारखी ठेवा. हा नियम पुढे आकार, वजन आणि कोन यांनाही तसाच लागू होतो. एकमेकांशेजारी ठेवलेले दोन आकार किमान दुपटीच्या फरकाचे हवेत, तिपटीचा फरक आणखी चांगला. वजन बदलताना मधली निदान दोन वजनं सोडून पुढचं घ्या. तीन अंशांनी तिरका झालेला शब्द छपाईत वाकडा गेल्यासारखा दिसतो, पंधरा अंशांचा तिरका शब्द बोलू लागतो.

दुसरा टप्पा: शब्दाने अर्थासारखं वागायला हवं

हा या अभ्यासाचा गाभा आहे आणि सर्वांत जास्त वेळ इथे द्यायला हवा. शब्दांची यादी अशी घ्या: घसरण, गर्दी, उशीर, तोल, जड, थेंब, तुटणे, कुजबुज. प्रत्येक शब्दासाठी ३ सेंमीच्या चौकोनात बारा कच्ची रेखाटनं करा. पहिली चार-पाच सगळ्यांना सुचतात तीच असतात. बाराव्यापर्यंत जाण्याचं कारण तेच. नंतर त्यांतून एक निवडून १० सेंमीच्या चौकोनात कापलेल्या अक्षरांनी नीट मांडा.

अट एकच आहे. बाहेरून काहीही आणायचं नाही. ‘थेंब’साठी पाण्याचा थेंब काढायचा नाही, ‘जड’साठी दगडाचा पोत लावायचा नाही. शब्दात जे आहे तेच वापरायचं. ‘थेंब’मधला अनुस्वार त्याच्या जागेवरून सुटून चौकोनाच्या तळाशी पोचला, की पडणं दिसतं आणि शब्द वाचताही येतो. चित्र चिकटवलं की पाहणारा चित्र पाहतो आणि शब्द मथळ्यासारखा मागे राहतो. शब्द स्वतःच अर्थासारखा वागला, तर वाचणं आणि पाहणं एकाच क्षणी होतं. अमेरिकन डिझायनर हर्ब लुबालिन यांनी ‘मदर अँड चाइल्ड’ या मासिकासाठी केलेलं नामचिन्ह याचं ठळक उदाहरण आहे. ‘मदर’ शब्दातल्या गोल अक्षराच्या पोटात त्यांनी ‘अँड’चं चिन्ह आणि ‘चाइल्ड’ हा शब्द बसवला. चित्र एकही नाही, तरी आईच्या पोटातलं मूल दिसतं. मराठीत कमल शेडगे यांनी नाटकांच्या नावांसाठी केलेलं अक्षरांकन याच नजरेने पाहण्यासारखं आहे. नाटकाचा स्वभाव तिथे अक्षराच्या वळणातून आणि जोडणीतून येतो.

‘घसरण’ करताना बहुतेक जण पूर्ण शब्द उतरत्या कोनात फिरवतात. असा शब्द उतारावर नुसता पडून राहतो, घसरत नाही. हालचाल दिसायला काहीतरी स्थिर लागतं. शिरोरेषा आडवी, पूर्ण लांबीची ठेवा आणि घ, स, र, ण ही अक्षरं तिच्यापासून सुटून क्रमाने जास्त जास्त खाली न्या, उदाहरणार्थ २, ६, १४ आणि ३० मिमी. अंतर दर वेळी सारखं वाढवलं तर जिना तयार होतो. दर वेळी दुपटीच्या आसपास वाढवलं तर वेग येतो. सारखं अंतर स्थिर लय देतं आणि वाढतं अंतर गती देतं, हे इथे हाताला कळतं.

‘गर्दी’मध्ये शब्द पुन्हा पुन्हा छापून चौकोन भरण्याचा मोह होतो. नुसतं भरल्याने गर्दी दिसत नाही, भिंतीवर चिकटवायच्या कागदासारखी नक्षी तयार होते. प्रती एकमेकींवर चढायला हव्यात, काही कडेबाहेर कापल्या जायला हव्यात आणि कुठेतरी एक प्रत स्वच्छ वाचता यायला हवी. ‘उशीर’मध्ये ‘उशी’ डावीकडे आणि ‘र’ पार उजव्या कडेपाशी ठेवला, तर मधली रिकामी जागाच अर्थ सांगते. पण ही युक्ती फार ताणली की उशी आणि र असे दोन वेगळे शब्द वाचले जातात. मग शिरोरेषा दोघांपर्यंत ओढून नातं टिकवावं लागतं. ‘तोल’साठी डावी-उजवी बाजू सारखी करू नका. एका बाजूला मोठं बारीक अक्षर आणि दुसऱ्या बाजूला लहान ठळक अक्षर ठेवून, लहान अक्षर मध्यापासून किती दूर नेलं की दोन्ही बाजू सारख्या भरतात ते शोधा. असमान गोष्टींचा समतोल यातून शिकता येतो.

एक कसोटी कायम लावा: शब्दाची मांडणी तशीच ठेवून शब्द बदलला तर? ‘घसरण’च्या जागी ‘उशीर’ ठेवला आणि तोही तितकाच शोभला, तर तुमची मांडणी अजून सजावटच आहे.

तिसरा टप्पा: अक्षराची आतली जागा

आता शब्द सोडून एकच अक्षर घ्या. ळ, इ, भ, क्ष यांसारखी पोट असलेली अक्षरं चांगली. संगणकावर अक्षर इतकं मोठं करा, की ते चौकोनाच्या किमान तीन कडांनी कापलं जाईल. मग काळ्याकडे न पाहता उरलेल्या पांढऱ्या तुकड्यांकडे पाहा. ते तुकडे ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने भरून घ्या. सगळे साधारण एकाच आकाराचे असतील तर रचना मंद वाटेल. एक मोठा, एक मध्यम, एक अगदी लहान असे निघाले तर तीच रचना जिवंत होते. कडेशी अणकुचीदार, चिमटीएवढा पांढरा तुकडा अडकला असेल, तर नजर तिथेच टोचत राहते. अक्षर ४-५ मिमी सरकवून तो घालवा.

किती कापलं तरी अक्षर ओळखू येतं, हेही इथे समजतं. देवनागरीत शिरोरेषा जवळपास सगळ्या अक्षरांना सारखी आहे आणि उजवीकडचा उभा दंड ग, त, न, प, म, स अशा कित्येक अक्षरांत सामाईक आहे. म्हणून वरची रेघ आणि उजवा दंड कापले तरी ओळख टिकते. जोडाक्षरात याच अक्षरांचा दंड गळून अर्धं रूप उरतं आणि आपण ते सहज वाचतो, हा त्याचाच पुरावा. डावीकडचा आणि मधला भाग कापला, तर मात्र अक्षर हरवतं. पोस्टरवर मोठं अक्षर कडेबाहेर काढायचं असेल, तर ते वर किंवा उजवीकडे काढा.

चौथा टप्पा: संगणकावर नेताना

कागदावरची निवडक मांडणी आता सॉफ्टवेअरमध्ये करा. इंकस्केप मोफत आहे आणि या अभ्यासाला पुरेसं आहे. इलस्ट्रेटर वापरत असाल तर प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात इंडिक पर्याय सुरू करा आणि पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूतून दक्षिण आशियाई कंपोझर (अक्षरं जुळवून ओळी मांडणारी व्यवस्था) निवडा. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर लागतो. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे पडलेली दिसली किंवा जोडाक्षरं पाय मोडून सुटी झाली, तर दोष बहुधा फॉन्टचा नसतो, कंपोझर चुकीचा असतो. मजकुराची भाषा मराठी निवडता येत असेल तर निवडा. अनेक फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं त्यानंतरच येतात.

सर्वांत मोठा घोटाळा अक्षरांमधल्या अंतराचा. रोमन शब्द पसरवायला ट्रॅकिंग वाढवतात. देवनागरीत ट्रॅकिंग वाढवलं की शिरोरेषेला भेगा पडतात आणि काना त्याच्या व्यंजनापासून दूर जाऊन एकटा उभा राहतो. कमी केलं तर अक्षरं एकमेकांत घुसतात. पसरायचंच असेल तर शब्दाचं रूपांतर आउटलाइनमध्ये, म्हणजे टाइप न राहता नुसत्या आकारांमध्ये करा, इंकस्केपमध्ये ‘ऑब्जेक्ट टु पाथ’ने. व्यंजन आणि त्याचा काना, मात्रा, वेलांटी यांचा एक गट बांधा, ते गट हवे तितके दूर न्या आणि शिरोरेषेच्याच जाडीचा आयत काढून भेगा भरा. शेवटी ‘युनियन’ने सगळं एकसंध करा. हे राहून गेलं, तर आकार जिथे एकमेकांवर येतात तिथे छपाईत पांढरे ठिपके येऊ शकतात. आउटलाइन करण्याआधी मूळ मजकुराची एक प्रत फाइलबाहेर ठेवा, कारण नंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही.

दुसरी अडचण रांगेत लावण्याची. सॉफ्टवेअरची ‘वरून सरळ करा’ ही आज्ञा वस्तूच्या सगळ्यात वरच्या टोकावरून मोजते. आउटलाइन केलेल्या ‘मोर’ची मात्रा वर गेलेली असते, ‘घर’ला मात्रा नसते. आज्ञा दिली की ‘मोर’ खाली उतरतो आणि शिरोरेषा जुळत नाहीत. म्हणून मार्गदर्शक रेषा आखून शब्द शिरोरेषेवरून जुळवा. डावीकडची कडही अशीच फसवते. ट, ठ, द अशा अक्षरांत शिरोरेषेचं टोक कडेला लागतं आणि अक्षराचं अंग आत राहतं. १२ पॉइंटात हे जाणवत नाही, पण १०० पॉइंटांच्या पुढे शीर्षक आत ढकलल्यासारखं दिसतं. ते थोडं बाहेर काढून डोळ्याला सरळ दिसेल असं ठेवा.

पाचवा टप्पा: अग्रक्रम

आता एका शब्दावरून सहा ओळींच्या मजकुरावर या. एखाद्या व्याख्यानाची सूचना घ्या: विषय, उपशीर्षक, वक्त्याचं नाव, तारीख, वेळ, ठिकाण. हीच सूचना चार वेळा मांडा आणि दर वेळी एकच नवं साधन घ्या. पहिल्या मांडणीत आकार एक आणि वजन एक, बदलता येईल ती फक्त ओळींमधली मोकळी जागा. दुसऱ्यात डावीकडून आत सरकवण्याची मुभा. तिसऱ्यात दुसरं वजन. चौथ्यात दुसरा आकार. पहिली मांडणी नीट केली तर लक्षात येतं, की माहितीचे गट पाडायला जागाच पुरते. तारीख आणि वेळ जवळ, ठिकाण त्यांच्यापासून एक ओळ दूर, विषय सगळ्यांपासून तीन ओळी दूर. जवळ असलेल्या गोष्टी एकत्र दिसतात, हे माक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने १९२३ साली ठिपक्यांच्या रांगा दाखवून मांडलं होतं. तुमच्या ओळी त्या ठिपक्यांसारख्याच वागतात.

देवनागरीत मोठी लिपी-छोटी लिपी असा भेद नाही आणि तिरका टाइप उसना वाटतो. त्यामुळे जोर देण्याचं काम वजन, आकार आणि जागा यांनाच करावं लागतं. शब्दाखाली रेघ मारणं टाळा. ती उकारांना कापते आणि खालच्या ओळीच्या शिरोरेषेशी गोंधळ करते.

ओळींमधलं अंतर टाइपच्या आकाराच्या दीडपट धरून सुरुवात करा. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार, मात्रा एकमेकांना भिडत असतील तर वाढवा. दोन-तीन ओळींचं मोठं शीर्षक मात्र त्याच प्रमाणात सैल पडतं. तिथे प्रत्यक्ष त्या शब्दांत वर-खाली काय येतंय ते पाहून अंतर कमी करा, गरज पडली तर ओळ दुसऱ्या ठिकाणी तोडा.

सहावा टप्पा: ग्रिडवर (स्तंभ आणि पट्ट्यांच्या जाळीवर) पोस्टर

ए-४ म्हणजे २१० × २९७ मिमी. चारही बाजूंना १५ मिमी समास सोडला की १८० × २६७ मिमी उरतात. रुंदीत चार स्तंभ घ्या, मध्ये ४ मिमीच्या तीन फटी. प्रत्येक स्तंभ ४२ मिमीचा होतो. उंचीत ओळीचं अंतर १८ पॉइंट, म्हणजे ६.३५ मिमी धरा. ४२ ओळी बसतात. सहा ओळींची एक अशा सहा पट्ट्या आणि मध्ये एकेक रिकामी ओळ मिळून ४१ ओळी होतात. उरलेली ओळ तळाच्या समासात जाऊ द्या. या ओळींवर १२ पॉइंटांचा मजकूर नीट बसतो.

दुसऱ्या टप्प्यातला तुमचा सर्वांत चांगला शब्द पोस्टरचा नायक करा आणि पाचव्या टप्प्यातली सूचना त्याला जोडा. शब्दाने ग्रिड मोडला तरी चालेल, नव्हे, मोडायलाच हवा. सूचना मात्र एखाद्या स्तंभात काटेकोर बसवा. एक गोष्ट शिस्तीत असली, तरच दुसरीची मोकळीक दिसते. मोठ्या शब्दातली एखादी उभी किंवा आडवी रेघ निवडा आणि सूचनेची डावी कड किंवा पहिल्या ओळीची शिरोरेषा तिच्याशी जुळवा. दोन वेगळ्या गोष्टी एका पानावरच्या वाटतात त्या अशा एखाद्याच अदृश्य रेषेमुळे.

रंग आता आणा, पण काळ्यासोबत एकच, आणि तो ज्या ठिकाणी अर्थ बदलतो तिथेच. ‘थेंब’मधल्या अनुस्वाराला रंग दिला तर त्याचं कारण दिसतं.

तपासणी आणि छपाई

पोस्टर भिंतीवर लावून दोन मीटरवरून पाहा, नायक शब्द वाचता यायला हवा. मग ते उलटं लावा. अर्थ बाजूला पडून फक्त काळे-पांढरे वजनाचे ढीग दिसतात आणि एखादी बाजू झुकली असेल तर लगेच कळते. पडद्यावर २ सेंमी रुंद करून पाहिल्यावर तीनपेक्षा जास्त गट दिसत असतील, तर पान विखुरलेलं आहे. दुसऱ्या माणसाला दाखवताना “कसं वाटतं?” असं विचारू नका, त्यावर “छान” एवढंच उत्तर येतं. पाच सेकंद दाखवून झाका आणि विचारा: आधी काय वाचलंत? दुसरं काय? कार्यक्रम कधी आहे?

छपाईला देताना चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापणीच्या रेषेबाहेर वाढवलेली छपाई) ठेवा. कडेने कापलेलं अक्षर असेल, तर ते ब्लीडच्या टोकापर्यंत पोचलं आहे का ते पाहा. लहान मजकुराचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा, १०० टक्के ठेवा. चार शायांचा काळा किंचित सरकला तरी मात्रा आणि अनुस्वार यांना रंगीत सावल्या येतात. काळ्यावर पांढरा लहान मजकूर असेल तर एक वजन जाड घ्या, कारण शाई पसरून शिरोरेषा बारीक होते आणि क्ष, ज्ञ, श्र यांच्या बारीक रेघा बुजतात. अंतिम फाइलआधी नमुना प्रत खऱ्या आकारातच काढा आणि अनुस्वार, रफार, वेलांट्या एकेक बोट ठेवून तपासा. आउटलाइन केलेल्या शब्दांत एखादा अनुस्वार मूळ गटातून सुटून पानाबाहेर राहून जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.